अर्जंट : निकड कोणाची, तातडी कोणाची?

आमच्या घरी पत्र्याची एक जुनी ट्रंक आहे. पणजोबा होळकरांच्या चाकरीस साताऱ्याहून इंदुरास आले तेव्हा ती त्यांच्याबरोबर आली, असे घरात सांगतात. तिच्यात जन्मपत्रिका आहेत, सारा भरल्याच्या पावत्या आहेत, होळकर सरकारच्या तिकिटांची चार-दोन पाकिटे आहेत आणि १९५८ सालची एक तार आहे. ही तार आमच्याकडे 'आजीची अर्जंट तार' या नावानेच ओळखली जाते. आम्ही लहानपणापासून तसेच म्हणत आलो. मध्यंतरी काही कारणाने तो कागद प्रकाशात नीट धरून पाहिला, तेव्हा ध्यानात आले की त्यावर 'अर्जंट' हा शब्द कोठेही नाही. तेथे 'एक्स्प्रेस' असे आहे. घराने साठ वर्षे जो शब्द उच्चारला तो कागदावर मुळी नव्हताच. मग तो आला कोठून, हे पाहू लागलो आणि एका साध्या इंग्रजी विशेषणाच्या मागे बरेच लांब जावे लागले.

शब्दाचे मूळ लॅटिन आहे. 'उर्गेरे' म्हणजे दाबणे, रेटणे, हाकणे. फ्रेंचमधून तो पंधराव्या शतकात इंग्रजीत आला. गंमत अशी की विशेषण आधी आले. 'अर्ज' हे क्रियापद इंग्रजीत त्यानंतर, सोळाव्या शतकात रुळले. (आपल्या दरखास्तीच्या अर्जाशी त्याचा काही संबंध नाही, तो अरबी. परंतु कचेरीत अर्ज आणि अर्जंट हे दोघे इतके एकत्र नांदले, की पुष्कळांना ते सख्खे भाऊ वाटतात.) आज इंग्रजीत काम अर्जंट असते, पत्र अर्जंट असते, गरज अर्जंट असते. म्हणजे हा गुण गोष्टीला चिकटलेला आहे. पूर्वी तसे नव्हते. पूर्वी माणूस अर्जंट असे. जो दुसऱ्याला रेटतो, पिच्छा पुरवतो, तो अर्जंट.

याचा उत्तम दाखला १६११ सालच्या इंग्रजी बायबलात सापडतो. निर्गमाच्या कथेत मिसरी लोक इस्राएलांना देशाबाहेर काढण्यासाठी इतके उतावीळ झाले, की त्या बिचाऱ्यांना कणीक आंबण्याचीही सवड मिळाली नाही. या ठिकाणी भाषांतरकारांनी 'अर्जंट' हे विशेषण मिसरी लोकांना लावले आहे. निघायचे इस्राएलांना, धावपळ त्यांची, बिनखमिराची भाकर त्यांच्या वाट्याला. आणि अर्जंट कोण, तर घालवून देणारे! दुसरा दाखला दानिएलाच्या पुस्तकातला. तिघा भक्तांना भट्टीत टाकण्याची राजाची आज्ञा. ती आज्ञा अर्जंट होती आणि भट्टी अतिशय तापलेली होती, म्हणून ज्या शिपायांनी त्यांना उचलून नेले तेच ज्वाळांनी होरपळून मेले. भक्त वाचले, राजा सुरक्षित राहिला. मेले ते हुकमाचे ताबेदार. या एका शब्दाचा सारा इतिहास आम्हांला या दोन जागी आधीच लिहून ठेवल्यासारखा वाटतो.

आपल्या भाषेकडे वळलो तर या एका इंग्रजी शब्दासाठी आपल्याकडे निदान दोन शब्द आहेत, आणि ते समानार्थी नाहीत. निकड आणि तातडी. 'निकड आहे' असे आपण म्हणतो आणि 'तातडी करा' असे म्हणतो. निकड ही असते. तातडी ही करावी लागते. निकड ज्याच्यावर प्रसंग गुदरला आहे त्याची. तातडी जो धावणार आहे त्याची. 'निकड लावणे' म्हणजे तगादा लावणे असाही जुना प्रयोग आहे, आणि तेथे तर हा शब्द लॅटिन 'उर्गेरे'च्या अगदी शेजारी जाऊन बसतो. शिवाय घाई निराळी, लगबग निराळी, धांदल निराळी. लगीनघाई तर साऱ्यांहून निराळी, कारण तिच्यात आनंद आहे. 'अर्जंट' या शब्दाने या सगळ्यांना एका चरवीत ओतले. सोय झाली हे खरे. पण निकड एकाची आणि तातडी दुसऱ्याची, हा जो फरक मराठी माणूस बोलता बोलता करीत असे, तो पुसट झाला.

हा फरक केवळ व्याकरणातला नाही. तार येण्यापूर्वीच्या काळातली एक घटना सर्वांच्या परिचयाची आहे. ती या बाजूने पाहावी. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपत झाले. त्याआधी कित्येक आठवडे भाऊसाहेबांकडून पत्र नव्हते, अब्दालीने वाट बंद केली होती. नानासाहेब पेशवे स्वतः फौज घेऊन उत्तरेकडे निघाले होते आणि नर्मदा ओलांडून माळव्यात आले होते. भेलशाच्या मुक्कामी २४ जानेवारीच्या सुमारास त्यांच्या छावणीतून एक कासीद चालला होता. त्याच्याजवळ सावकारी पत्र होते. ते फोडून वाचले गेले. आणि मोत्ये गळाल्याच्या व मोहोरा हरवल्याच्या त्या सांकेतिक ओळींतून पेशव्यांना आपला पुत्र, आपला चुलतभाऊ आणि आपली फौज गेल्याचे कळले. ग्रँट डफने आपल्या १८२६ च्या इतिहासात लिहिले आहे, की त्या कासिदाला पानिपताहून औरंगाबादेस नऊ दिवसांत पोचण्याच्या बोलीवर पाठविले होते.

मजकुरामुळे हे पत्र प्रसिद्ध झाले. आमचे लक्ष मात्र पत्त्याकडे जाते. ते पत्र पेशव्यांना लिहिलेले नव्हतेच. उभ्या हिंदुस्थानात त्या बातमीची निकड ज्याला सर्वांत अधिक होती, तो माणूस तंबूत वाट पाहत बसला होता; आणि बातमी चालली होती एका पेढीकडून दुसऱ्या पेढीकडे, कारण हुंड्यांचे भाव बदलणार होते. कासिदाच्या पायांना तातडी होती ती दिवसांच्या बोलीवर ठरलेल्या अजुऱ्याची. निकड एकाची, पैसा दुसऱ्याचा, पाय तिसऱ्याचे. माळव्यात राहणाऱ्या आम्हां मंडळींना विदिशेवरून जाताना हे आठवल्याशिवाय राहत नाही.

पेशवाईच्या कागदांत आणखी एक बारीक गोष्ट दिसते. पत्र लिहिल्याची मिती असतेच, पण पुष्कळ पत्रांवर पैवस्तीची, म्हणजे पत्र पोचल्याची, मितीही टिपलेली असते. लिहिणाऱ्याने 'पत्रदर्शनी निघोन येणे' असे कितीही निक्षून लिहिले, तरी पत्रदर्शन व्हायलाच पंधरवडा लोटे. दोन्ही मिती शेजारी पाहिल्या की आज्ञेचा जोर आणि वाटेची लांबी यांतले अंतर डोळ्यांसमोर उभे राहते. दरबारी कारकून ते अंतर रोज लिहून ठेवीत होता. पुढच्या काळातही पोचल्याची वेळ तारेच्या कागदावर घातली जाई, पण ती कोणी वाचत नसे.

तारेने हे अंतर तोडले असे आपण समजतो. कलकत्ता ते आग्रा ही तार १८५४ च्या मार्चमध्ये चालू झाली, त्याच वर्षी आग्र्याहून मुंबईपर्यंत ती पोचली, आणि १८५५ च्या फेब्रुवारीत सर्वसामान्य लोकांना ती खुली झाली. आग्रा-मुंबई तार ग्वाल्हेर आणि इंदूरवरून गेली. इंदूरकर ज्याला आजही ए. बी. रोड म्हणतात त्याच आग्रा-बॉम्बे रस्त्याच्या वाटेने तिचे खांब उभे राहिले. या रस्त्याने मराठी फौजा उत्तरेस गेल्या, या रस्त्याने आपली कुटुंबे आली, आणि याच दिशेने बातमी परत देशावर जाऊ लागली. होळकर संस्थानाची स्वतःची टपाल तिकिटे १८८६ पासून होती, निजामाची त्याहून आधी, १८६९ पासून. ग्वाल्हेरची इंग्रजी तिकिटांवर छापून घेतलेली. परंतु तार इंग्रजांची. डाक संस्थानची आणि तार सरकारची, असा हा कारभार होता. घरगुती मजकूर संस्थानी तिकिटावर जाई. ज्या मजकुराला थांबवत नसे तो परकीय भाषेत, परकीय खात्याकडे द्यावा लागे.

आणि याच खात्याने 'अर्जंट' हा शब्द आपल्या घरात आणला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हिंदुस्थानातील तारांचे तीन वर्ग होते. अर्जंट, ऑर्डिनरी आणि डिफर्ड. म्हणजे तातडीची, साधी आणि मागाहून सवडीने जाणारी. प्रत्येकीचा दर निराळा. येथे या विशेषणाचा अर्थ पुन्हा एकदा बदलला. लॅटिनमध्ये तो रेटा होता, जुन्या इंग्रजीत रेटणारा माणूस, नव्या इंग्रजीत कामाचा गुण. हिंदुस्थानात तो दर झाला. ज्याने जास्त पैसे मोजले त्याची तार अर्जंट. मरणाची बातमी साध्या दराने गेली तर ती ऑर्डिनरी, आणि कापसाच्या भावाची जास्त दराने गेली तर ती अर्जंट. यात खात्याचा दोष काढता येत नाही. तारेला निकड मोजता येत नाही, शब्द तेवढे मोजता येतात. सावकाराच्या कासिदाची बोली आणि तारखात्याचा दर यांत तसे अंतर नाही.

विसाव्या शतकात हे वर्ग बदलून एक्स्प्रेस आणि ऑर्डिनरी एवढे दोनच राहिले. आमच्या आजीच्या तारेवर 'एक्स्प्रेस' का आहे, याचे उत्तर हे. खात्याने शब्द टाकला, लोकांनी तो टाकला नाही. त्याला हातभार लागला तो ट्रंक कॉलचा. तेथे ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग असे वर्ग होते. अर्जंटला साध्याच्या दुप्पट दर आणि लाइटनिंगला त्याहूनही कितीतरी अधिक. ज्यांनी शेजारच्या वकिलांच्या दिवाणखान्यात पुण्याचा कॉल लागण्याची वाट पाहत संध्याकाळ काढली आहे, त्यांना 'अर्जंट लावा' हे शब्द उच्चारताना आवाजात येणारा किंचित अपराधीपणा आठवेल. १९६० च्या नोव्हेंबरात कानपूर आणि लखनौ यांच्यात पहिली एस. टी. डी. सुरू झाली, आणि पुढच्या दोन-तीन दशकांत तो अपराधीपणाही गेला.

तारेच्या भाषेबद्दल थोडे सांगितले पाहिजे, कारण तेथे आपली मराठी अडचणीत सापडली होती. १९४९ पासून देवनागरीतून तार करण्याची सोय होऊ लागली. हिशेब केला तर मराठीला ती फार सोयीची; इंग्रजीत 'फ्रॉम पूना' हे दोन शब्द, मराठीत 'पुण्याहून' हा एकच. आपल्या विभक्तीप्रत्ययांनी पैसे वाचवावेत असा योग भाषेच्या इतिहासात क्वचितच येतो! पण आमच्या पाहण्यातल्या घरांतून तारा इंग्रजीतच होत राहिल्या. कारण तारेची एक स्वतंत्र बोली तोपर्यंत तयार झाली होती आणि ती सर्वांना, इंग्रजी न येणाऱ्यांनासुद्धा, समजत होती. 'सिरियस' म्हणजे गेले. 'स्टार्ट' म्हणजे असाल तसे निघा. मृत्यूच्या पोस्टकार्डाचा कोपरा फाडण्याची जी रीत होती, तिचेच हे तारेतले रूप. शब्दाने बातमी सांगायची आणि शब्दानेच ती झाकायची.

आजीच्या तारेत तेच तीन शब्द आहेत. मदर, सिरियस, स्टार्ट. खाली तिच्या धाकट्या भावाचे नाव. सातारच्या कचेरीत सकाळी दिलेली ती तार दुपारी इंदुरात पोचली. घरात आजोबा नव्हते. आजीला इंग्रजी येत नव्हते. तिने ती समोरच्या घरातील हेडक्लार्कांकडून वाचवून घेतली. ती सांगे, की त्यांनी कागद वाचला आणि काही न बोलता आधी आपल्या पत्नीला हाक मारली, तेव्हाच सगळे समजले. मग छोट्या गाडीने खंडवा, तेथून मनमाड, दौंडवरून पुणे, आणि पुढे एस. टी. तिसऱ्या दिवशी ती माहेरच्या दारात उभी राहिली. बातमीला काही तास लागले, माणसाला तीन दिवस. पैवस्तीची मिती आता कोणी लिहीत नव्हते एवढेच.

माळव्यातल्या, गुजरातेतल्या, निजामाच्या मुलखातल्या आपल्या घरांनी यावर आपापला नियम करून ठेवला होता. तार आली म्हणजे दहाव्याला पोचायचे. अंत्यदर्शन हा शब्द परमुलखातल्या मुलींच्या कोशात नव्हता. तारेने अंतर तोडले असे जे म्हणतात त्यांना हे सांगावेसे वाटते, की तिने अंतर कळवले. पूर्वी आई गेल्याचे पंधरा दिवसांनी कळे आणि त्या पंधरा दिवसांत मुलगी निर्धास्तपणे सण साजरे करी. तारेनंतर आई तिकडे चितेवर असताना मुलीला ते इकडे ठाऊक असे, आणि काही करता येत नसे. आम्हांला तर वाटते, की खंडव्याच्या फलाटावर बसलेल्या बाईची जी अवस्था, तिला इंग्रजीतही नाव नाही.

शब्द तारघरातून निघून कायद्यात कसा बसला, हेही पाहण्यासारखे आहे, आणि येथे प्रकरण गंभीर होते. जमावबंदीचे १४४ कलम कोणाला माहीत नाही? सीमाभागातल्या आपल्या बांधवांना तर ते पाठ आहे. परंतु १८९८ च्या फौजदारी संहितेत हे कलम ज्या मथळ्याखाली होते, त्यात उपद्रवाची किंवा संभाव्य धोक्याची 'अर्जंट' प्रकरणे असे शब्द होते, हे फारसे कोणी वाचत नाही. १९७३ च्या संहितेत ते शब्द राहिले. १ जुलै २०२४ पासून नवी नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि १४४ चे १६३ झाले. विशेषण कायम आहे. प्रसंग तातडीचा आहे असे दंडाधिकाऱ्याला वाटले, की समोरच्याचे म्हणणे न ऐकताही हुकूम देता येतो. येथे निकड लोकांची आहे की कचेरीची, हा प्रश्न प्रत्येक वेळी नव्याने विचारावा लागतो.

भूसंपादनाच्या १८९४ च्या कायद्यातील सतरावे कलम तर या विशेषणावरच उभे होते. सरकारला जमीन हवी असेल तर मालकाला हरकत घेण्याचा आणि ऐकून घेतले जाण्याचा हक्क १९२३ मध्ये कायद्यात घातला गेला. पण काम 'अर्जन्सी'चे आहे असे सरकारने ठरवले, की ती सुनावणी गाळता येई आणि नोटिशीनंतर पंधरा दिवसांत ताबा घेता येई. वर्षानुवर्षे रखडलेल्या योजनांनासुद्धा जमीन घेण्याच्या दिवशी एकाएकी निकड उत्पन्न होत असे. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये उत्तर प्रदेशातील ग्रेटर नोएडाच्या एका प्रकरणात अशी तातडी नाकारून संपादन रद्द केले. २०१३ च्या नव्या कायद्याने हे कलम आवळले. देशाचे संरक्षण, राष्ट्रीय सुरक्षा, नैसर्गिक आपत्ती, किंवा संसदेच्या मान्यतेने अन्य आणीबाणी, एवढ्यापुरतेच ते ठेवले. एकशे वीस वर्षे एका विशेषणाने किती शेते खाल्ली, हा कोणीतरी करण्यासारखा अभ्यास आहे. दानिएलाच्या कथेतल्या राजाची आज्ञाही अर्जंटच होती.

बाकी ठिकाणी शब्द पार झिजला. कचेऱ्यांत अर्जंटच्या वर इमिजिएट आले, त्याच्यावर मोस्ट इमिजिएट. फायलींना रंगीत चिठ्ठ्या लागल्या आणि सगळ्याच फायलींना लागल्यावर कोणतीच उठून दिसेना. बाजारात अर्जंट फोटो, अर्जंट इस्त्री, शिंप्याकडे अर्जंटचे वेगळे पैसे. रेल्वेने १९९७ मध्ये 'तत्काल' तिकीट काढले तेव्हा शब्द संस्कृत घेतला, तत्त्व मात्र तारखात्याचेच: निकड असेल तर जादा भरा. मराठीने एक बदल आपला म्हणून केला. इंग्रजी विशेषणाचे तिने सरळ क्रियाविशेषण केले. 'अर्जंट ये', 'अर्जंट पाठव' असे आपण म्हणतो. इंग्रजाला त्यासाठी शेपूट जोडावे लागते. शुद्धिवाद्यांनी नाक मुरडावे असे यात काही नाही. आमची तक्रार परक्या शब्दाबद्दल नाहीच. निकड हा शब्द मुलांच्या तोंडून ऐकू येईनासा झाला, एवढीच आहे.

१४ जुलै २०१३ च्या रात्री देशातील तारसेवा बंद झाली. शेवटच्या दिवशी ठिकठिकाणी तारघरांपुढे रांगा लागल्या होत्या. आठवण म्हणून लोक आप्तांना, मुलांना, स्वतःलाही तारा करीत होते. त्यातली क्वचितच एखादी कोणाला कोठे बोलावणारी असेल.

आजीच्या तारेबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. ती आजीने आम्हांला फार उशिरा सांगितली. माहेरी पोचल्यावर दोन-तीन दिवसांनी तिच्या भावाने तिच्यापाशी कबूल केले, की तो तारघरात गेला तेव्हा आईला जाऊन चार तास झाले होते, आणि तार दुसऱ्या दिवशी पोचली असती तरी आईपुरता काही फरक पडणार नव्हता. तारबाबूने साधी की एक्स्प्रेस असे विचारले. घरात तो एकटाच होता, अजून लग्न झालेले नव्हते. त्याने खिशात होते तेवढे पैसे मोजले आणि दुप्पट दराची तार दिली.